ओसरीतली सायकल

लग्नाआधी तुम्ही सायकल चालवत होतात ना? मग आता का नाही चालवत?

हा प्रश्न मी गेल्या दोन-तीन वर्षांत बऱ्याच जणींना विचारला. भिशीत विचारला, हळदीकुंकवाला विचारला, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही विचारला. बहुतेकींनी हसून सांगितलं, "हो, हायस्कुलात असताना चालवायचे की!" मग जरा थांबून म्हणाल्या, "आता काय बाई, सवय राहिली नाही." कुणाचे गुडघे धरतात, कुणाला वेळ मिळत नाही. एकीनं मात्र खरं ते सांगितलं. म्हणाली, "सासरी सायकल होती गं, पण ती यांची होती."

सायकल चालवायला माणूस विसरत नाही, असं म्हणतात ते खरंच आहे. एकदा तोल साधला की तो अंगात मुरतो आणि वीस वर्षांनीसुद्धा जागा होतो. विसरलेलो असतो ती दुसरीच गोष्ट. कुणाला न विचारता, कुणाची वाट न पाहता, आपलं आपण उठावं आणि जाऊन यावं, ही सवय आपण उंबरठ्याच्या आत ठेवून दिलेली असते. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून कितीतरी गरजू शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. खेड्यातल्या रस्त्यानं त्यांची रांग शाळेकडे जाताना पाहिली की डोळे निवतात. पण मनात येतंच, यांतल्या किती जणींची सायकल लग्नानंतर त्यांच्याबरोबर जाईल?

आणि ज्या हौसेनं सायकल घेतात त्यांचं काय होतं? मी माझंच सांगते.

आठ महिने कपडे वाळवले

आमचं गाव चाळीसगाव. रेल्वेचं जंक्शन. मुंबई-भुसावळ मोठी लाइन आणि तिथूनच धुळ्याला फुटणारा फाटा. रुळांमुळे गावाचे अलीकडे आणि पलीकडे असे दोन भाग पडलेले. माझं सासर अलीकडे, माहेर पलीकडे. अंतर फार तर अडीच किलोमीटर. गावातच माहेर म्हटल्यावर लोक म्हणायचे, "तुझं काय बाई, मजा आहे!" पण खरं सांगायचं तर महिना-महिना जाणं होत नसे. घरातले हे नोकरीसाठी जळगावला रोज अप-डाउन करणारे. मुलगा शिकायला नाशिकला. स्कूटी होती ती जाऊबाईंच्या शाळेच्या नोकरीसाठी. चालत जायचं तर जाऊन-येऊन तास मोडतो. रिक्षा रोज परवडत नाही. मग "रविवारी सोडतो तुला" यावर आठवडा काढायचा. रविवारी पाहुणे आले की पुढचा रविवार!

अशात वडील गेले आणि आई एकटी पडली. साखरेचा आजार, डोळ्यांनी कमी दिसायचं. फोनवर म्हणायची, "मी बरी आहे, तू धावपळ करू नकोस." आई असं म्हणाली की काय समजायचं, ते तुम्हांला सांगायला नको.

सायकल मी घेतली ती मात्र आईसाठी नव्हे. घेतली वजनासाठी! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, व्यायाम करा. दिवाळीच्या बोनसमधून लेडीज सायकल आली. पहिले आठ दिवस पहाटे उठून स्टेडियमला फिरायला जातात तसे फेरे मारले. कुठून कुठे? कुठूनच कुठे नाही. घरापासून घरापर्यंत. नवव्या दिवशी सासूबाईंना ताप होता. दहाव्या दिवशी आळस आला. अकराव्या दिवशी वाटलं, आता सोमवारपासून सुरू करू. तो सोमवार आठ महिने आला नाही. सायकल ओसरीत उभी. आधी तिच्या हँडलला पिशव्या अडकल्या, मग कॅरिअरवर पंचे वाळू लागले. येता-जाता ती दिसली की स्वतःचाच राग यायचा, म्हणून मग मी तिच्याकडे बघायचंच सोडून दिलं.

तुमच्याही ओसरीत, जिन्याखाली किंवा गॅलरीत अशी एखादी सायकल उभी असेल. तर आधी एक गोष्ट ऐका. तुम्ही आळशी नाही. पहाटे पाचला उठून डबे करणारी बाई आळशी कशी असेल? चूक दुसरीकडे आहे. आपण सायकलला काम दिलेलं नसतं. ज्या वस्तूला घरात काम नाही ती अडगळीत जाते, हा प्रत्येक घराचा नियमच आहे. पाटा-वरवंटा गेला, खलबत्ता गेला. मग बिनकामाची सायकल कशी टिकेल?

उमेद पाहुणी, सवय घरची

उमेद ही पाहुणीसारखी असते. येते तेव्हा घर भरून टाकते आणि चार दिवसांनी निघून जाते. सवय मात्र घरच्या माणसासारखी. तिचं कौतुक होत नाही, पण ती रोज असते. आपण सकाळी दूध तापवतो ते उमेद आली म्हणून का? दूध आलंय, पातेलं समोर आहे, म्हणून तापवतो.

लंडनच्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. ९६ जणांना त्यांनी रोजची एकेक छोटी गोष्ट निवडायला सांगितली. न्याहारीनंतर पाणी पिणं, जेवणाआधी थोडं पळणं, असं काहीतरी. अट इतकीच की ती रोज ठरावीक प्रसंगाला जोडून करायची. बारा आठवडे नोंदी ठेवल्या. २०१० साली निष्कर्ष छापून आला. एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागतात. कुणाला १८ दिवसांत जमलं, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. आणखी एक दिलासा त्यात होता. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागायची थांबत नाही. आपल्याकडे आठ दिवसांत जमलं नाही की आपण कपाळाला हात लावतो. अहो, अजून अठ्ठावन्न दिवस बाकी असतात!

याचंच एक जुनं उदाहरण अमेरिकेतलं आहे. फ्रान्सिस विलार्ड या तिथल्या दारूबंदी चळवळीच्या मोठ्या पुढारी. १८९२ साली त्यांची आई गेली, कामानं प्रकृती खालावली, तेव्हा वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी सायकल शिकायला घेतली. त्या काळचे लांब झगे, बघणाऱ्यांच्या नजरा, सारं होतंच. त्यांनी केलं काय, तर रोज सरासरी पंधरा मिनिटं सराव, तीन महिने. आधी पायडल मारणं, मग वळणं, मग उतरणं आणि मग चढणं, असं एकेक. सायकलचं नावसुद्धा ठेवलं होतं, ग्लॅडिस. पुढं १८९५ साली त्यांनी या शिकण्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्रेपन्नाव्या वर्षी, रोज पंधरा मिनिटं! आपल्याकडे कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायला तेवढा वेळ जातो.

सायकलला काम द्या

माझी सायकल ओसरीतून निघाली ती एका पिशवीमुळे. श्रावणातला सोमवार होता. आईच्या गोळ्या संपल्या होत्या. मेडिकलमधून गोळ्या आणून ठेवल्या, पण पोचवायला कुणी नाही. ह्यांची गाडी उशिरा. संध्याकाळी पाचला आईचा फोन, "उद्या दिलीस तरी चालेल गं." त्या 'चालेल'नं मला बसवेना. पंचे काढले, शेजारच्या मुलाकडून पंपानं हवा मारून घेतली, गोळ्यांची पिशवी हँडलला अडकवली आणि निघाले. बारा मिनिटांत आईच्या दारात! आई दार उघडून बघते तर मी एकटीच. मागे कुणी आहे का म्हणून तिनं रस्त्यावर वाकून पाहिलं. म्हणाली, "कुणी सोडलं?" म्हटलं, "कुणी नाही. माझी मी आले."

दुसऱ्या दिवशीही गेले, आईला भाजी द्यायला. तिसऱ्या दिवशी काही द्यायचं नव्हतं, तरी गेले. महिन्याभरानं लक्षात आलं की मी व्यायाम करायचा म्हणून एक दिवसही निघाले नव्हते. निघाले होते आईकडे. व्यायाम आपोआप झाला होता.

म्हणून माझं सांगणं एवढंच. सायकल चालवायची असं ठरवू नका. सायकलवरून कुठं जायचं ते ठरवा. रोजचं, ठरलेल्या वेळेचं, जवळचं एक काम तिच्या नावावर लिहून द्या. दूध आणणं, देवळात जाणं, मुलीला क्लासला पोचवणं, पोस्टात आवर्तीचे पैसे भरणं, कोथिंबीर-लिंबं आणणं, वाचनालयातलं पुस्तक बदलणं. हिवाळ्यात भरिताची वांगी आणायला तर आपल्या खान्देशात निमित्त शोधावं लागत नाही! काम निवडताना तीन गोष्टी बघा:

ते काम तुम्हांला एरवीही करावंच लागतं, असं असावं. नवं काम मागे लावून घेऊ नका.

अंतर एक ते तीन किलोमीटरचं असावं. एवढ्या अंतराला सायकलनं पाच ते पंधरा मिनिटं लागतात. रिक्षा शोधण्यात तेवढा वेळ जातोच.

आणि शक्य तर ते काम तुमच्या आवडीचं असावं. किराण्यासाठी बाई एखादे दिवशी कंटाळेल, मैत्रिणीकडच्या चहासाठी नाही कंटाळणार.

आदल्या रात्री पिशवी हँडलला अडकवून ठेवा, किल्ली पिशवीत टाका. सकाळी विचार करायला जागाच ठेवू नका. विचार आला की 'उद्या' आलाच.

बघणारे तीन दिवस बघतात

आता मोठी अडचण. लोक काय म्हणतील?

म्हणतात. मलाही म्हणाले. आमच्या कोपऱ्यावर एक आजी बाजेवर बसलेल्या असतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कोठे चालनी वं माय?" त्यात आश्चर्यही होतं आणि चौकशीही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवरची मुलं वळून बघू लागली. नात्यातल्या एक बाई सासूबाईंना म्हणाल्या, "सुनेला सायकल? घरात गाड्या नाहीत का?" सासूबाई गप्प राहिल्या. त्यांचं गप्प राहणं मला टोचलं. पण आठवड्यानं त्यांचाच चष्मा दुरुस्तीला टाकायचा होता. "तू सायकलवर जातेसच, तर देऊन ये," म्हणाल्या. त्या दिवसापासून सायकल घरची झाली. लोकांचं म्हणाल तर तीन दिवस बघतात, चौथ्या दिवशी त्यांना दुसरं काहीतरी बघायला मिळतं.

तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात तर हजारो बायकांनी मिळून या बघणाऱ्यांचा निकाल लावला. १९९१ साली तिथं साक्षरतेची मोहीम सुरू झाली. शीला राणी चुंकत या तिथल्या जिल्हाधिकारी. त्यांनी लिहिण्या-वाचण्याच्या जोडीला सायकल शिकवण्याचाही कार्यक्रम घेतला. शेतमजुरणी, खाणीत दगड फोडणाऱ्या बायका, अंगणवाडीच्या ताई, खेड्यातल्या नर्सबाई, सगळ्या सायकल शिकल्या. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला, तेव्हा त्यांनी दांडीच्या पुरुषी सायकली घेतल्या. काही जणींना त्याच आवडल्या. का, तर पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं! पाण्याचे हंडे, विकायची भाजी, मुलं, सारं सायकलवर. बसची वाट बघण्यात आणि कुणी सोडील म्हणून थांबण्यात जाणारा वेळ वाचला, तो घरात आणि कमाईत लागला. टिंगल करणारेही होतेच. पण टिंगल किती जणींची करणार?

एकटीला लाज वाटत असेल तर यातून घेण्यासारखं हेच आहे. दोघी व्हा, तिघी व्हा. शेजारणीला बरोबर घ्या. ठरलेल्या वेळी ती दारात येऊन घंटी वाजवते तेव्हा आळस कसा करणार?

नवऱ्याची समजूत कशी घालायची, असंही काही जणी विचारतात. त्यांना मेरी क्युरींची गोष्ट सांगा. दोनदा नोबेल पारितोषिक मिळवलेल्या या बाईंचं १८९५ साली लग्न झालं. आहेराच्या पैशातून नवरा-बायकोंनी दोन सायकली घेतल्या आणि लग्नानंतरची सहल सायकलवरूनच केली. संसाराची सुरुवात अशीही होऊ शकते! अगदीच नाही पटलं, तर पेट्रोलचा हिशेब मांडा. तो लवकर पटतो.

वय, गुडघे आणि साडी

वयाची सबब फार पुढं करू नका. थोर रशियन लेखक टॉलस्टॉय सदुसष्टाव्या वर्षी सायकल शिकले, तेही लाडका लहान मुलगा गेल्याच्या दुःखातच. आणि दुसऱ्या टोकाला आपली वेदांगी कुलकर्णी बघा. पुण्याच्या या मुलीनं २०१८ साली, विशी गाठत असताना, १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा सायकलवरून केली. आपल्याला जगाला फेरी घालायची नाही. बाजारात जाऊन यायचं आहे.

गुडघ्यांचं म्हणाल तर चालण्यापेक्षा सायकलवर गुडघ्यांना भार कमी येतो, कारण शरीराचं वजन सीट पेलते. मात्र सीट फार खाली असेल तर गुडघे जास्त दुमडतात आणि दुखतात. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवून बघा. पाय जवळजवळ सरळ झाला तर सीटची उंची बरोबर. नव्यानं शिकणारीनं मात्र आधी सीट खाली घ्यावी, दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतील इतकी. भीती निम्मी जाते. दुकानदाराकडून दोन्ही पायडल काढून घ्या आणि मोकळ्या मैदानात नुसत्या पायांनी जमीन ढकलत चार-आठ दिवस सायकल पुढं न्या. तोल आपोआप कळतो. मग पायडल लावा. नजर चाकाकडे नको, समोर दहा-पंधरा पावलांवर हवी. चाकाकडे बघणारी हमखास पडते.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. जाऊन-येऊन अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, की झाला हिशेब पुरा. हृदयविकार असेल, साखरेसाठी इन्सुलिन चालू असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या. पहिल्या आठवड्यात बसायची जागा दुखते. ती नेमानं चालवलं की थांबते. त्यासाठी सायकल सोडू नका.

साडी नेसून सायकल चालते. पण पदर कमरेला घट्ट खोचा, निऱ्या जरा वर घ्या आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या. चेनवर पूर्ण झाकण हवंच. सलवारीच्या उजव्या पायाला साधं रबर लावा. ओढणी गळ्यातून मागे सोडू नका, कमरेला गाठ मारा. चाकात अडकलेली ओढणी जीवावर बेतते. हेल्मेट घातलं तर लोक हसतात, पण डोकं आपलं असतं.

आपलं ऊन, आपले काटे

खान्देशात सायकल सुटते ती बहुधा मार्चमध्ये. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो. तेव्हा अकरा वाजता सायकल काढून "जमत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. होळी झाली की वेळ बदला. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. निघताना पाणी पिऊन निघा, डोक्याला ओला रुमाल बांधा, पिशवीत पाण्याची बाटली ठेवा. ज्या दिवशी लू चालते त्या दिवशी सुट्टी घ्या. ती हार नव्हे, शहाणपण आहे.

पावसाळ्यात ब्रेक उशिरा लागतात, म्हणून वेग कमी ठेवा. रूळ ओलांडताना चाक रुळाला शक्य तितकं काटकोनात न्या. तिरकं गेलं की घसरतं. शंका आली तर उतरून ढकलत न्या. वाहत्या पाण्यातून मात्र कधीही जाऊ नका. २०२१ च्या ऑगस्टअखेर तितूर आणि डोंगरी नद्यांना आलेला पूर चाळीसगावकर विसरलेले नाहीत. रस्त्याच्या डाव्या बाजूनं चाला, उलट्या बाजूनं कधी नाही. हायवेला जाऊ नका. ट्रकवाल्याशी आपली बरोबरी नाही.

आणि बाभळीचे काटे! सायकल ओसरीत परत जाण्याचं निम्मं कारण पंक्चर. पंक्चर झालं की "हे आले की बघतील" म्हणून ती उभी राहते आणि मग उभीच राहते. म्हणून पंक्चरवाल्याकडे स्वतः जायची सवय ठेवा. आमच्या सायकलवाल्या आप्पांनी मला पहिल्याच वेळी सांगितलं, "ताई, ट्यूब चिकटवली तरी टायरमधला काटा काढल्याशिवाय चाक लावू देऊ नका." टायरच्या आतून जपून बोटं फिरवली की काटा लागतो. आठवड्यातून एकदा हवा बघा. अंगठ्यानं दाबल्यावर टायर फारसा दबता कामा नये. पंधरा दिवसांनी चेन कोरड्या फडक्यानं पुसून थेंब-थेंब तेल सोडा आणि वरचं तेल परत पुसून घ्या, नाहीतर धूळ चिकटते. दोन्ही ब्रेक रोज निघताना दाबून बघा. घरात छोटा पंप असू द्या. एवढंसं पंपासाठी कुणाकडे मागायला जावं लागलं की तो दिवस गेलाच समजा.

खंड पडला तर

आता शेवटचं, आणि मला वाटतं सगळ्यांत महत्त्वाचं.

दोन वर्षं मी आईकडे जवळजवळ रोज गेले. जास्त वेळ नाही, अर्धा तास. तिची नखं कापली, तिला पेपर वाचून दाखवला, काही नाही तर नुसत्या बसलो. आमच्या गावात स्टेशनजवळ केकी मूस या मोठ्या छायाचित्रकाराचं घर आहे. ते १९८९ साली वारले. जवळजवळ पन्नास वर्षं ते घराबाहेर क्वचितच पडले, आणि घरात बसूनच त्यांनी जगानं नावाजलेली चित्रं काढली. आई म्हणायची, "त्यांनी स्वतः ठरवलं होतं घरात राहायचं. आपलं कधी कुणी विचारलं?" मग हसून म्हणायची, "तू मात्र आता येतेस बाई."

मागच्या माघात आई गेली. तेराव्यानंतर मी सायकलला हात लावला नाही. जायचं कुठं? ज्या कामासाठी ती निघत होती ते कामच उरलं नव्हतं. पुन्हा पिशव्या अडकल्या, पुन्हा पंचे वाळू लागले. दोन महिने गेले. या वेळी स्वतःचा राग मात्र आला नाही. कारण आता मला ठाऊक होतं की सायकलला काम हवं असतं. एके दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "तुझ्या आईच्या शेजारच्या त्या बाई एकट्याच असतात ना? त्यांचं कोण बघतं?" संध्याकाळी मी हवा मारली. त्या बाईंना दर दोन दिवसांनी वाचनालयातलं पुस्तक लागतं. ते नेऊन द्यायचं काम आता माझ्या सायकलच्या नावावर आहे.

खंड प्रत्येकीला पडतो. बाळंतपण येतं, आजारपण येतं, मुलांच्या परीक्षा येतात, दुःख येतं. खंड पडला म्हणजे सगळं वाया गेलं, असं नसतं. पहिल्या दिवशी लांब जाऊ नका, कोपऱ्यापर्यंत जाऊन या. 'पहिल्यासारखं' होण्याची वाट बघू नका. जुनं काम संपलं असेल तर नवं शोधा. पाय विसरलेले नसतात.

आता तुमच्या ओसरीत जा. सायकलीवरचे कपडे काढा, टायर दाबून बघा. बहुतेक हवा गेलेली असेल. ती भरून आणा आणि रात्री झोपण्यापूर्वी ठरवा, उद्या हिचं काम काय? एकच काम, जवळचं, आवडीचं. पिशवी हँडलला अडकवून ठेवा.

कोपऱ्यावर कुणीतरी विचारील, "कोठे चालनी वं माय?" लाजू नका. थांबायचंही कारण नाही. घंटी वाजवा आणि जिथं चाललात तिथलं नाव सांगा.